नीलरेखा कशी आहे?

मनोरमाकाकूंच्या घरी नारळ फोडायला बाहेरचा माणूस लागायचा. मयूर विहारच्या त्या सोसायटीत मी तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो, त्याच आठवड्यात त्यांनी मला जिन्यात अडवलं. हातात नारळ.

"मराठी आहेस ना? मग एवढा फोडून दे."

मला वाटलं, वय झालंय, मनगटात जोर नसेल. मी पायरीवर नारळ आपटला तेव्हा काकू शेजारी नव्हत्याच. स्वयंपाकघराच्या दारामागून आवाज आला, "फुटला?"

"फुटला, काकू."

"खोटं नाही ना सांगत?"

नारळाबद्दल कोण खोटं सांगतं? मी दोन्ही भकलं वर धरून दाखवली. तेव्हा कुठे त्या बाहेर आल्या, भकलं हातात घेतली आणि चहा टाकते म्हणाल्या. चहा पिता पिता नाव, गाव, लग्न वगैरे झालं आणि नोकरी कुठे, असं विचारलं. तटरक्षक दलाच्या कचेरीत कारकून आहे, असं मी सांगितलं. दिल्लीत समुद्र नाही, पण समुद्राच्या फायली आहेत, असा विनोद मी त्या काळात सगळीकडे करायचो. तो त्यांच्यापुढेही केला. काकू हसल्या नाहीत. हातातली बशी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "मग नीलरेखा कशी आहे?"

नीलरेखा हे आमच्या गस्ती जहाजांपैकी एक. फार मोठं नाही, फार नाव झालेलंही नाही. किनाऱ्याला समांतर फिरायचं, संशयास्पद होड्या अडवायच्या, वादळात सापडलेल्या मच्छीमारांना ओढून आणायचं. दिल्लीत एशियाडची धामधूम होती त्या सुमाराला ते मुंबईच्या गोदीतून पाण्यात उतरलं. जहाज पाण्यात सोडताना एखाद्या बाईच्या हातून नारळ फोडून त्याला नाव देतात. ठरलेल्या बाईसाहेब आजारी पडल्या. काका तेव्हा दिल्लीत संरक्षण मंत्रालयात उपसचिव होते आणि कामानिमित्त सपत्नीक मुंबईत होते. ऐनवेळी काकूंना नवी साडी नेसवून उभं करण्यात आलं. "या जहाजाला मी नीलरेखा हे नाव देते," एवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं. बाकीचे लोक ते संध्याकाळपर्यंत विसरले असतील. काकू विसरल्या नाहीत. नाव आपण ठेवलं म्हणजे बाळ आपलं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

आणि आपलं म्हटलं की त्या भ्यायच्या.

काकू कशाला भीत नव्हत्या ते सांगणं सोपं जाईल. गॅसचं सिलिंडर, रस्त्यावरचं उघडं गटार, काकांचं सायकलवरून भाजी आणायला जाणं, मिलिंदचा म्हणजे त्यांच्या मुलाचा हॉस्टेलमधून न आलेला फोन, सगळ्याला भ्यायच्या. लपवायच्याही नाहीत. मी एकदा म्हटलं, "काकू, एवढं कशाला घाबरायचं?" तर म्हणाल्या, "घाबरायला पैसे पडतात का? तू घाबरत नाहीस ना, मग तुझ्या वाटणीचंही मलाच घाबरावं लागतं. किती काम वाढवतोस रे!" काका वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "ही घाबरते म्हणून मी निवांत असतो. घरात एक माणूस पुरतं."

पण सगळ्यांत मोठी भीती जहाजाची. जहाज पाण्यात उतरलं त्या आठवड्यापासून त्यांचा शनिवारचा उपास सुरू झाला. दिवसभर चहापाणी, आणि सूर्य मावळला की जेवण, कारण जहाजावरचा झेंडा सूर्यास्ताला उतरतो असं गोदीतल्या एका अधिकाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं. "थंडीत बरं असतं," त्या म्हणायच्या, "लवकर उतरतो. जूनमध्ये मेला लोंबकळत राहतो." नवस असा, की जहाज आपलं आयुष्य पुरं करून घरी यावं, त्यावरच्या एकाही पोराच्या जिवाला धक्का लागू नये. तसं झालं की उद्यापन.

रेडिओवर बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात काही खुट्ट झालं की मी कचेरीतून येण्याच्या वेळी काकू दारात उभ्या असायच्या. "कशी आहे?"

"ठीक आहे."

जहाज कुठे आहे, काय करतंय, हे घरीदारी बोलायचं नसतं. मी कधीच बोललो नाही. 'ठीक आहे' एवढंच म्हणायचो. पुष्कळदा मला माहीतही नसायचं. पण त्या दोन शब्दांनी काकूंचा चेहरा असा सैल व्हायचा की मला आपण काहीतरी पुण्य केल्यासारखं वाटायचं. ती सवय मला तिथे लागली.

दत्ता तांडेल दिल्लीला आला तो प्रजासत्ताक दिनाच्या संचलनासाठी. हर्णैकडचा, काळासावळा, कानात थंडीसाठी कापूस कोंबलेला. कसल्याशा कागदासाठी आमच्या सेक्शनला आला. कुठल्या जहाजावर, असं मी सहज विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर खुर्चीतून उठलोच. "शनिवारी सुटी मिळेल? एका बाईंना भेटायचंय."

काकूंनी तो दिवस सकाळपासून स्वयंपाकात घालवला. दुपार कलताना दत्ता आला तो घामाघूम, जानेवारीत.

"काय रे, काय झालं?" काकूंनी घाबरून विचारलं.

"रेडलाइन बसनं आलो, काकू. दरवाज्यात लटकून. दर्याची भीती नाय वाटली कधी एवढी."

काकूंना हा मुलगा तिथेच आवडला. भीती कबूल करणारा पुरुष त्यांना बहुधा पहिल्यांदाच भेटत होता. त्यांनी पान वाढलं. दत्तानं विचारलं, तुमचं? मी उपासाचं सांगितलं, झेंड्याचंही. त्यानं ताट बाजूला सरकवलं. "मग मी पण थांबतो. झेंडा उतरू दे, मग बसू दोघं."

"अरे, निवेल सगळं."

"जहाजावर काय गरम मिळतंय?"

थांबला खरंच. काकांशी गप्पा मारल्या, काकूंना शेंगा सोलून दिल्या. मग सूर्य यमुनेपलीकडे धुक्यात गेला तसा तो उठून बाल्कनीत गेला आणि पश्चिमेकडे तोंड करून ताठ उभा राहिला. काकूही उठल्या, पदर सारखा करून त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. खाली सोसायटीची पोरं क्रिकेट खेळत होती. समोर दुसऱ्या इमारतीची पिवळी भिंत आणि वाळत घातलेल्या चादरी. ती दोघं त्या चादरींकडे बघत उभी. थोड्या वेळानं दत्ता म्हणाला, "उतरला. चला."

जेवण झाल्यावर काकूंनी ते सांगितलं. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, काकांनाही नाही.

"मी वर्ध्याची. मला विहीर माहीत. समुद्र त्या दिवशी पहिल्यांदा बघितला बाप्पा, आणि त्यात माझा हात थरथरत होता. नारळ मारला तो बाजूनं सरकला आणि खाली गेला. फुटला नाही. तोवर बँड सुरू, टाळ्या सुरू, आणि ते एवढं थोरलं लोखंड घसरायलाच लागलं! मी ह्यांना म्हटलं, थांबवा हो. तर हे म्हणतात, हसा, फोटो काढतायत."

काकांनी चष्मा काढला. "त्यासाठी म्हणत होतीस होय, थांबवा? मला वाटलं, बँडचा आवाज सहन होत नाही."

"अपशकुन झाला रे," काकू दत्ताला म्हणाल्या. "माझ्या हातून. त्या जहाजावर तुम्ही सगळी पोरं."

दत्ता हसला. "काकू, आमच्याकडे नारळी पौर्णिमेला सोन्याचा कागद लावून नारळ वाहतो ना दर्याला, तो काय फोडून देतो? आख्खाच द्यायचा असतो. समुद्राला फोडलेला नारळ देणारे तुम्ही घाटावरचे लोक. तुमच्याकडून बरोबर झालं, बाकीच्यांकडून चुकतं."

काकू आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आल्या. निघताना त्यांनी त्याला अनारशांचा डबा दिला आणि बजावलं, "उद्यापनाला मेहूण म्हणून तू बसायचं. लग्न झालंय ना?"

"आताच झालंय."

"मग दोघांनी यायचं. शब्द?"

"शब्द, काकू. पण बसनं नाय येणार. गाडी पाठवा."

त्यानंतरची दोन-तीन वर्षं काकूंची बरी गेली. उपास चालू होता, पण आता 'कशी आहे' यापाठोपाठ 'आणि दत्ता?' असायचं, आणि त्यात भीतीपेक्षा कौतुक जास्त. दिल्ली बदलत होती. काकांचे जुने सहकारी गुडगावला प्लॉट बघायला जायचे, मिलिंद परदेशी कंपनीत लागला, मी हप्त्यांवर स्कूटर घेतली. काकू स्कूटरलाही भ्यायल्या. तेवढ्यात काकांना हृदयविकाराचा झटका आला.

काका इस्पितळातून घरी आले त्याच दिवसांत अरबी समुद्रात वादळ झालं. रेडिओवर गुजरातच्या किनाऱ्याचं नाव येत होतं. त्या दुपारी कचेरीत कागद आले. मासेमारीची एक बोट बुडत होती. नीलरेखानं तिला गाठलं, दोर बांधला, ओढत आणलं. वाटेत ताणानं दोर तुटला आणि चाबकासारखा मागे आला. बोटीवरचे सगळे मच्छीमार वाचले. आमचा एक नाविक गेला. खाली नाव होतं. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. जणू माझ्या वाचण्यात चूक असेल.

संध्याकाळी मी जिन्यात थांबून राहिलो. वरचे लोक येत-जात होते, "क्या हुआ भाईसाहब?" विचारत होते. शेवटी चढलो. काकू दारातच, हातात ट्रान्झिस्टर.

"नीलरेखा कशी आहे?"

"ठीक आहे."

हे खरंच होतं. जहाज ठीक होतं.

"आणि दत्ता?"

आत काका झोपलेले. औषधाचा वास येत होता. मी म्हणालो, "ठीक आहे. सगळे ठीक आहेत."

पुढे अनेक वर्षं मी स्वतःला हेच सांगितलं, की काकांच्या आजारपणामुळे बोललो नाही. एका वेळी एका बाईवर किती घालायचं? ते खरं नाही. आज लिहितो. मला त्यांचा चेहरा बघवला नसता, एवढंच. ती भीती खरी होताना समोर उभं राहायला मी भ्यालो. माझ्या वाटणीचं घाबरायला तिथे दुसरं कोणी नव्हतं.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आतून वाटी आणली आणि माझ्या हातावर साखर ठेवली. मी ती खाल्ली.

एकदा जिवंत ठेवलेला माणूस मग वाढायला लागतो. दिवाळीला डबा आला, तो मी 'पोचवला', म्हणजे सेक्शनमध्ये उघडला. रिकामा डबा परत करताना काहीतरी बोलावं लागतं. "दत्ता म्हणाला, अनारसे पहिल्यासारखेच." मग त्याला बढती द्यावी लागली, कारण काकूंनी विचारलं, इतकी वर्षं तो तिथेच कसा? मग मूल. "मुलगी झाली," मी म्हणालो. "नाव काय ठेवलं?" माझ्या तोंडून निघालं, "नीला." काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तेव्हा पळून जावंसं वाटलं, पण मी जिन्यात उभा होतो आणि त्या माझा हात धरून होत्या.

नीलासाठी त्यांनी स्वेटर विणला. तो माझ्या कपाटात पडून राहिला. माझं लग्न झालं, आणि सुनीताला तो सापडला.

"हे कोणाचं?"

मी सगळं सांगितलं. तिनं स्वेटर मांडीवर घेतला, पुन्हा नीट घडी घातली. मग म्हणाली, "अरे, एकदा मारून टाक ना त्याला. अजून किती वर्षं त्याला असा ठेवणार?"

"आता कसा मारू? काय सांगू, काल गेला?"

खरा दत्ता कुठे गेला होता ते आम्हा दोघांना माहीत होतं. त्याच्या खऱ्या बायकोचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. हर्णैला जाणं अवघड नव्हतं. मी गेलो नाही.

काका गेले. मिलिंद काकूंना गुडगावला घेऊन गेला, नव्या उंच इमारतीत, पार वरच्या मजल्यावर. लिफ्टमध्ये काकू डोळे मिटून भीमरूपी म्हणायच्या, आणि ती संपण्याआधी लिफ्ट पोचली की तिथेच उभं राहून पुरी करायच्या. मागचे लोक "आंटीजी, बाहर तो आइए" म्हणत खोळंबून. मे महिन्यात आंधी आली की काचा घुमायच्या. एकदा मी गेलो असताना धुळीनं सगळं पिवळं झालं, खालची क्रेन, अर्धवट बांधलेले टॉवर, काही दिसेना. काकू सोफ्याचा हात घट्ट धरून बसलेल्या. "अरविंदा, तिच्यावर असंच होत असेल ना रे?"

"नाही काकू. जहाज हलतं, पण पोरांना सवय असते."

"दत्ताला?"

"त्यालाही."

मग नीलरेखाचं आयुष्य संपलं. सेवेतून निवृत्त करण्याचे कागद आमच्याकडूनच गेले. एका संध्याकाळी सूर्यास्ताला तिचा झेंडा शेवटचा उतरवला गेला. ही बातमी सांगण्यासारखी होती, म्हणून मी रविवारी मुद्दाम गुडगावला गेलो. काकू खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "घरी आली? धडधाकट?"

"धडधाकट."

त्यांनी देवापुढे साखर ठेवली आणि वळून म्हणाल्या, "आता उद्यापन. दत्ताला कळव. गाडी पाठवायची आहे त्याला, विसरू नकोस."

एवढी वर्षं मी ज्याला भ्यायला हवं होतं ते हे होतं, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी म्हणालो, तो अंदमानला आहे.

"मग येईल तेव्हा. मी थांबते."

त्या थांबल्या. जहाज निवृत्त झालं, काकूंचा उपास निवृत्त झाला नाही. मधुमेह होता, डॉक्टरांनी उपाशी राहायला सक्त मनाई केली होती. एका शनिवारी दुपारी त्या न्हाणीघराच्या दारात पडल्या. मिलिंदनं मला इस्पितळातून फोन केला. आईशी मराठी बोलायचा, माझ्याशी त्याची भाषा सुटायची. "यार अरविंदकाका, कौन है ये तांडेल? बुला लो ना एक बार! फ्लाइटचं तिकीट मी काढतो. ती म्हणते, त्याच्याशिवाय सोडणार नाही. शी विल डाय, काका."

मी फोन ठेवला. सुनीता समोरच होती. "आता सांगून टाक," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

काकू घरी आल्या त्या दिवशी आम्ही गेलो. लिफ्टमध्ये मी वाक्य जुळवत होतो. काकू पलंगावर उशीला टेकून बसलेल्या, हाताला सुईचा काळा डाग. आवाज तेवढा तसाच. "ये रे. सुनीता, बस गं. मिलिंद, ह्यांना पाणी दे."

मी उभाच राहिलो. "काकू, दत्ता..."

त्यांनी हात वर केला. मी थांबलो. त्यांनी माझ्याकडे नाही, काचेबाहेर बघत विचारलं, "येणार नाही ना तो?"

"नाही."

मी वाट बघितली. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात प्रत्येक गोष्टीचं का, कुठे, कसं, कधीपासून विचारलं, तिनं पुढे काही विचारलं नाही. मिलिंदच्या हातात पाण्याचे ग्लास तसेच होते. बाहेर कुठेतरी लोखंडावर हातोडा पडत होता. मला मनातून वाटत होतं, विचारा. एकदा विचारा. मी सांगीन. आणि त्याच वेळी तेवढ्याच जोरानं वाटत होतं, नका विचारू.

"मग तू बस," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं. त्याचं सगळं आजवर तूच आणत आलास. त्याच्या जागी तूच."

उद्यापन पुढच्या आठवड्यात झालं. पुरण सुनेनं घातलं. गुरुजी सेक्टरमधल्याच देवळातले, मराठी नव्हते. विधवेनं मेहुणाची पूजा करावी की नाही यावर ते थोडं अडखळले, तर काकू म्हणाल्या, "समंदर को मालूम नहीं होता पंडितजी, कौन सुहागन, कौन बेवा. आप पढ़िए." पूजेला नारळ होता. मिलिंद तो फोडायला उठला तर काकूंनी त्याला थांबवलं आणि नारळ आख्खाच कलशावर ठेवायला लावला.

मग आम्ही दोघं पाटावर बसलो. काकू परात घेऊन समोर आल्या. मिलिंद म्हणाला, "आई, मी करतो, तू वाकू नकोस," पण त्या हळूहळू खाली बसल्या, एक हात जमिनीवर टेकून. मी पाय मागे घेतले. "ठेव," त्या म्हणाल्या. मी ठेवले. माझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या बाईनं माझ्या पायांवर पाणी घातलं, तळव्यांपर्यंत हात फिरवला, पदरानं नाही, नव्या पंचानं पुसले. हळदकुंकू लावताना त्या पुटपुटल्या, मंत्र असेल असं मला वाटलं, पण मंत्र नव्हता.

"आलास ना. दमलास रे. किती लांबून आलास."

सुनीतानं मान खाली घातली. माझा डावा पाय परातीत वाजायला लागला, धातूवर, सगळ्यांना ऐकू येईल असा. काकूंनी तो दोन्ही हातांत धरला आणि मान वर करून माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत त्या दिवशी भीती नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नव्हती.

"पाय का रे थरथरतोय? पाणी गार आहे?"

"हो, काकू," मी म्हणालो. "गार आहे."

पाणी कोमट होतं.